माध्यम पदवीचे शुल्क आणि त्यानंतरचे भाडे

गेल्या पाच वर्षांत आमच्या घरातून आणि माझ्या छापखान्यातून मिळून तीन मुले माध्यमांची पदवी घेऊन बाहेर पडली. माझी मुलगी सिंधुदुर्गातल्याच एका महाविद्यालयात मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला होती, पुतण्या पुण्यातील एका खासगी विद्यापीठात होता, आणि माझ्याकडे डीटीपीचे, म्हणजे संगणकावर पाने लावण्याचे, काम करणारा आचऱ्याचा एक तरुण नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने शिकत होता. तिघांनी २०२१ मध्ये प्रवेश घेतला आणि तिघेही २०२४ मध्ये पदवीधर झाले, त्यामुळे तुलना करणे सोपे गेले. मुलीचा खर्च माझ्या वहीत आहे. पुतण्याच्या शैक्षणिक कर्जाला मी जामीन असल्याने त्याचे सगळे कागद थोरल्या बंधूंनी माझ्याकडेच ठेवले आहेत. तिसऱ्याचे शुल्क मी भरून त्याच्या पगारातून वळते करून घेत असे. संस्थांची नावे मी देत नाही, कारण एकेका विद्यार्थ्याच्या अनुभवावरून एखाद्या संस्थेवर शेरा मारणे मला योग्य वाटत नाही. परीक्षण आहे ते तीन मार्गांचे, आणि ते कणकवलीत बसून, मुलांना मुंबई-पुण्याला पाठवणाऱ्या घराच्या बाजूने केलेले आहे.

आधी पदवीच्या नावाबद्दल, कारण तिथेच बहुतेक पालक गोंधळतात. मुंबई विद्यापीठाची जी पदवी सगळे अजूनही बीएमएम म्हणून ओळखतात, तिचे नाव २०१९-२० पासून बीएएमएमसी असे झाले, म्हणजे बहुमाध्यमे आणि जनसंवाद या विषयातील कला शाखेची पदवी. पहिली दोन वर्षे सर्वांना समान आणि तिसऱ्या वर्षी पत्रकारिता किंवा जाहिरात यांपैकी एक शाखा, अशी तिची रचना माझ्या मुलीच्या वेळी होती. त्यानंतर २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाची रचना संलग्न महाविद्यालयांत आली असून, तीन वर्षांनी पदवी आणि चौथे वर्ष केल्यास ऑनर्स असा पर्याय आहे. चौथे वर्ष करणाऱ्याला पुढील पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात पूर्ण करता येते, त्यामुळे ज्याला नेट देऊन प्राध्यापक व्हायचे आहे त्याने त्याचा विचार जरूर करावा. वृत्तपत्राच्या किंवा जाहिरात संस्थेच्या दारात मात्र त्या वर्षाची किंमत मला शून्य दिसते, आणि एका वर्षाचा खर्च शून्य नसतो.

मुलीचा हिशेब असा. तीन वर्षांचे शुल्क, परीक्षा शुल्क धरून, ७८,००० रुपये. लॅपटॉप ५२,००० रुपये. एसटीचा सवलतीचा पास, छपाई, मुंबईच्या दोन अभ्यासभेटी वगैरे मिळून २०,००० रुपये. म्हणजे पदवी हाती पडेपर्यंत दीड लाख रुपये. अभ्यासक्रम विनाअनुदानित असल्याने त्याच महाविद्यालयातील साध्या बी.ए.च्या कितीतरी पट शुल्क यात आहे, पण जेवण घरचे आणि अंथरूण घरचे असल्याने ते अंगावर आले नाही. करोनामुळे पहिले काही महिने वर्ग मोबाईलवरच भरले आणि शुल्क पूर्ण घेतले गेले, हा त्या वर्षीच्या सर्वांचाच अनुभव आहे, म्हणून तो मी गुणांतून वजा करीत नाही.

शिक्षणाच्या दर्जाबद्दल मात्र बोलायला हवे. बहुतेक प्राध्यापक तासिका तत्त्वावर होते. एक जण दुसऱ्या सत्रात आले आणि चौथ्या सत्रात दुसरीकडे रुजू झाले. साठ मुलांमध्ये दोन कॅमेरे होते आणि त्यांतला एक बहुधा दुरुस्तीला गेलेला असे. संपादनाचे धडे फळ्यावर झाले. तिसऱ्या वर्षाच्या वृत्तपत्र कायद्याच्या नोट्स मी सहज चाळल्या, कारण छापखाना चालवणाऱ्याचा त्या कायद्याशी रोजचा संबंध येतो. त्यांत १८६७ चा मुद्रण आणि पुस्तक नोंदणी कायदाच तेवढा होता. तो रद्द करून आणलेला नियतकालिक नोंदणीचा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला, आणि मुलांची अखेरची परीक्षा त्यानंतर होती. तेव्हापासून कोणत्याही माध्यम महाविद्यालयात चौकशीला जाणाऱ्या पालकाला मी एवढेच सांगतो, की कायद्याच्या नोट्स मागा आणि त्यांत हा नवा कायदा, भारतीय न्याय संहिता आणि २०२३ चा वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायदा आहे का ते पाहा. प्रयोगशाळा पाहुण्यांना दाखवण्यासाठी सजवता येते. नोट्स सजवायला कोणी बसत नाही.

या मार्गाची जमेची बाजूही खरी आहे. महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकासाठी मुलीने एका महिन्यात सहा बातम्या लिहिल्या, तहसीलदार कार्यालयात स्वतः जाऊन माहितीचा अर्ज केला, आणि वाळू उपशाच्या विषयावर एका जिल्हा आवृत्तीत तिचा लेख छापून आला. मोठ्या शहरातील महाविद्यालयात तिच्यासारखी दोनशे मुले असताना तिला ही संधी मिळाली असती असे मला वाटत नाही. आणखी एक गोष्ट भाषेची. अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून शिकवला जातो आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचे पहिले वर्ष पाठ्यपुस्तक समजून घेण्यातच जाते. मुंबईतील काही महाविद्यालयांनी मराठीतून हा अभ्यासक्रम चालवून पाहिला आहे. गावातल्या महाविद्यालयात शिक्षकच उत्तर मराठीत समजावून देत असल्याने हा धक्का कमी बसला, मात्र त्याची फेड पुढे मुंबईत करावी लागली.

आणि मुंबईतच या पदवीचा उरलेला खर्च सुरू झाला. २०२४ च्या जूनमध्ये मुलगी तुतारी एक्सप्रेसने दादरला उतरली. पहिले तीन महिने एका वृत्तसंकेतस्थळावर विनावेतन काम, पुढचे सहा महिने आठ हजार रुपये विद्यावेतन, मग पुन्हा एकदा नव्या ठिकाणी उमेदवारी, असे करीत ती २०२५ च्या ऑगस्टमध्ये १९,००० रुपयांवर संपादकीय डेस्कला रुजू झाली. सुरुवातीला डोंबिवलीला आत्याकडे आणि नंतर तीन मुलींच्या खोलीत राहून तिला माझ्याकडून सरासरी महिना ९,००० रुपये लागले. चौदा महिन्यांचे १,२६,००० रुपये झाले. विनावेतन महिन्यांत तिच्या नावानिशी पहिली बातमी आली तेव्हा माझ्या आईने कात्रण डोळ्यांजवळ धरून विचारले, ‘पेपरात नाव इला, पण पगार कधी येतलो?’ तिच्या प्रश्नात या संपूर्ण शिक्षणाचे मोजमाप आहे, असे मला पुढे जाणवले.

कारण वही उघडून बसल्यावर दिसले ते असे, की तीन वर्षांच्या पदवीला दीड लाख लागले आणि पदवीनंतरच्या चौदा महिन्यांना सव्वा लाख. माहितीपत्रकात पहिला आकडा असतो, दुसरा कुठेच नसतो. अभियांत्रिकीच्या किंवा परिचर्येच्या शिक्षणात पदवीनंतरचा हा काळ सहसा इतका लांबत नाही; माध्यमांत तो लांबणे हाच व्यवसायाचा रिवाज आहे, आणि तो रिवाज मुंबईत ज्याचे घर आहे त्याला झेपतो. म्हणून माध्यम पदवीची तुलना शुल्कावरून न करता, मूल स्वतःच्या खोलीचे भाडे स्वतःच्या पगारातून भरू लागेपर्यंत किती महिने गेले आणि ते महिने कोणाच्या खिशातून गेले, यावरून करावी, असे माझे मत झाले आहे.

या मोजपट्टीवर पुतण्याचा मार्ग पहिल्या नजरेला उत्तम ठरतो. त्याच्या अभ्यासक्रमात अखेरच्या सत्रात कार्यानुभव सक्तीचा होता आणि तो मिळवून देण्याची जबाबदारी विभागाने खरोखर पार पाडली. ज्या डिजिटल जाहिरात संस्थेत त्याने चार महिने काम केले तिनेच त्याला पदवीनंतर दोन महिन्यांत २६,००० रुपयांवर ठेवून घेतले. तिथे स्टुडिओ होता, दुपारी दोनपासून रात्री दहापर्यंत खुला असलेला संपादन कक्ष होता, शिकवणाऱ्यांत काम करणारी माणसे होती, आणि सोबतची मुले अशा घरांतून आलेली होती की त्यांच्या एका वडिलांच्या ओळखीने चौघांची सोय व्हावी. या शेवटच्या गोष्टीचा उल्लेख माहितीपत्रकात नव्हता, पण शुल्कातला मोठा भाग तिच्यासाठीच होता, असे मी प्रामाणिकपणे म्हणेन. महागड्या संस्था शिकवतात त्यापेक्षा ओळखीच्या अंतरावर नेऊन बसवतात, आणि कोकणातल्या मुलाला नेमके तेच अंतर सर्वांत लांब असते.

आता त्याची किंमत. वार्षिक शुल्क २ लाख ९० हजार, वसतिगृह आणि खाणावळ मिळून वर्षाला १ लाख ४० हजार, म्हणजे तीन वर्षांचे १२ लाख ९० हजार. लॅपटॉप आणि कॅमेरा १ लाख १० हजार. एकूण १४ लाख रुपये. शुल्काचे हप्ते जुलै आणि डिसेंबरमध्ये पडत. जुलैचा हप्ता बंधूंच्या देवगडच्या आंब्याच्या बागेने भरला, कारण मेअखेर पेट्यांचे पैसे हाती आलेले असतात. डिसेंबर मात्र बागायतदाराच्या वर्षातला सगळ्यात रिकामा महिना. मोहोर येऊ लागलेला, तुडतुड्यासाठी फवारणी चालू, राखणीच्या माणसांचा पगार चालू आणि आवक काहीच नाही. म्हणून साडेसात लाखांचे कर्ज काढावे लागले. त्या वेळी आमच्या बँकेच्या शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण किंवा जामीन लागत नव्हता, चार ते साडेसात लाखांपर्यंत तिसऱ्या व्यक्तीचा जामीन लागे आणि साडेसात लाखांच्या वर तारण. बंधूंनी साडेसातची रेषा ओलांडली नाही, कारण बाग गहाण टाकायची त्यांची तयारी नव्हती, आणि त्यामुळे माझी सही आली.

या कर्जात अभ्यासक्रमाचा काळ आणि पुढे एक वर्ष हप्ता सुरू होत नाही, याला लोक सवलत समजतात. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू असते. साडेदहा टक्क्यांनी, दर वर्षी अडीच लाख उचलत गेल्यावर, पहिला हप्ता येईपर्यंत साधे व्याजच सुमारे २ लाख ३६ हजार झाले आणि ते मुद्दलात मिळाले. दहा वर्षांच्या मुदतीने आज हप्ता महिना सुमारे १३,३०० रुपये बसतो. तेच व्याज शिकत असताना वेळच्या वेळी भरले असते तर हप्ता १०,१०० च्या आसपास राहिला असता, शिवाय काही बँका तसे करणाऱ्याला व्याजदरात थोडी सूट देतात. हे आम्हाला व्यवस्थापकांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. प्राप्तिकराच्या ८० ई कलमाखाली व्याजावर आठ वर्षे वजावट मिळते असे मात्र आवर्जून सांगितले गेले. ती जुन्या करपद्धतीतच मिळते, आणि बंधूंचे उत्पन्न आंब्याचे, म्हणजे शेतीचे, करमुक्त. वजावट घ्यायची कशातून?

दहा वर्षांचे हप्ते मोजले तर साडेसात लाखांचे जवळजवळ सोळा लाख होतात, आणि घरातून घातलेले साडेसहा लाख मिळवून ती पदवी साडेबावीस लाखांना पडते. पुतण्या तिसऱ्या महिन्यापासून आपले भाडे आपण भरू लागला हे खरे, पण २०२५ च्या जुलैपासून हप्ता सुरू होताच त्याचा निम्मा भार पुन्हा बागेवर आला. आज त्याचा पगार ३१,००० आहे. त्यातून कोथरूडमधली खोली, डबा आणि दुचाकीचे पेट्रोल गेल्यावर १३,३०० उरत नाहीत. म्हणजे माझी मोजपट्टी इथे अपुरी पडते, हे मला मान्य करावे लागेल: भाडे कधी भरू लागला, याबरोबरच हप्ता कोण भरतो, हेही विचारले पाहिजे. ज्या घरात साडेसहा लाखच काय, पूर्ण चौदा लाख रोख आहेत, त्या घराने या मार्गाला जावे. कर्ज काढून जाणाऱ्याने पदवीनंतरच्या पहिल्या पगाराचा अंदाज वीस हजारांच्या वर धरू नये.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली आहे. निवडक दर्जेदार संस्थांतील प्रवेशासाठी तीत तारण आणि जामीन दोन्ही लागत नाहीत, आणि वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे. संस्था त्या यादीत आहे का, हे प्रवेशापूर्वीच पाहावे. त्याचबरोबर राज्य सरकारने २०२४ पासून मुलींना दिलेली शुल्कमाफी व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. ती विनाअनुदानित माध्यम पदवीलाही लागू असेल असे गृहीत धरून कोणी हिशेब मांडू नये. माझ्या परिचयातील दोन कुटुंबांनी तो तसा मांडला होता.

खासगी विद्यापीठांच्या जाहिरातीतील दोन दाव्यांबद्दल अनुभवाने लिहितो. पहिला, सर्वोच्च पगाराचा. तो एका विद्यार्थ्याचा असतो आणि बहुधा परदेशातला. विचारायचा तो मधला पगार, म्हणजे निम्म्या मुलांना ज्याच्यापेक्षा कमी मिळाला तो आकडा, आणि तोही प्रवेश घेतलेल्या किती मुलांपैकी किती जणांचा. दुसरा दावा राष्ट्रीय क्रमवारीचा. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत अभियांत्रिकी, व्यवस्थापन, विधी, औषधनिर्माण अशा वर्गवाऱ्या आहेत. माध्यमांची स्वतंत्र वर्गवारी नाही. तेव्हा माध्यम विभागाच्या माहितीपत्रकावर छापलेला क्रमांक संपूर्ण विद्यापीठाचा असतो. गंमत अशी, की त्याच क्रमवारीसाठी संस्थांनी भरलेली माहितीपत्रे सर्वांना पाहता येतात आणि त्यांत तीन वर्षांच्या पदवीच्या किती मुलांना नोकरी लागली व मधला पगार किती, हे लिहावे लागते. ते पान उघडून पाहिल्याशिवाय कोणीही पहिला धनादेश फाडू नये. आणि फाडलाच, तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे त्या वर्षीचे शुल्कपरतीचे परिपत्रक जवळ ठेवावे. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्याला पूर्ण शुल्क परत द्यावे असे आयोगाने सांगितले होते. बारावीच्या निकालाआधी एप्रिलमध्येच पन्नास हजार ‘जागा राखण्यासाठी’ भरून घेणाऱ्या संस्थांना हे परिपत्रक ठाऊक असते.

तिसऱ्या मार्गावर थोडेच लिहिण्यासारखे आहे, कारण खर्च थोडा आहे. तीन वर्षांचे सर्व शुल्क वीस हजारांच्या आत बसले. पुस्तके चांगली होती, काही ठिकाणी मुलीच्या नोट्सपेक्षा सरस. दूरशिक्षणात कॅमेरा हाती मिळत नाही आणि चूक दाखवणारा शेजारी बसलेला नसतो. ही उणीव त्याने छापखान्यात भरून काढली. पदवी घेताना तो माझ्याकडे १५,००० रुपयांवर होता, राहायला आईवडिलांकडे, त्यामुळे भाड्याचा प्रश्नच उद्भवला नाही. पुढच्या दिवाळीनंतर त्याने नोकरी सोडली. आता तो एका वृत्तवाहिनीसाठी बातमीमागे मानधनावर काम करतो, लग्नांचे चित्रीकरण करतो आणि तारकर्ली ते आचरा पट्ट्यातील निवास-न्याहारीवाल्यांसाठी छोट्या चित्रफिती बनवतो. ऑक्टोबर ते मे त्याची कमाई माझ्या पुतण्याच्या पगाराला मागे टाकते. जूनमध्ये जलक्रीडा बंद होतात, लग्ने थांबतात, आणि चार महिने तो पुन्हा माझ्याकडे तासावर पाने लावायला येतो. तिघांपैकी कर्ज कोणाच्याही नावावर नसलेला आणि मध्यमवर्गीय पालकांच्या दृष्टीने सर्वांत अस्थिर असलेला, असा तो एकच आहे.

इथे मी माझ्या दुसऱ्या भूमिकेतून, म्हणजे नोकरी देणाऱ्याच्या भूमिकेतून, बोलतो. छापखान्याला दर वर्षी एक-दोन माध्यम पदवीधर लागतात. पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे हे मी गेली कित्येक वर्षे विचारलेले नाही. आलेल्या उमेदवाराला मी जिल्हा परिषदेची चारशे शब्दांची प्रेसनोट देतो आणि तिची ऐंशी शब्दांची बातमी करायला सांगतो. मग कोकम सरबताच्या बाटलीवर जातील अशा दोन ओळी लिहायला सांगतो. आणि शेवटी श्रीलिपी या जुन्या टंकातला एक मजकूर युनिकोडमध्ये आणून कोरलड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायला देतो. पहिल्या कामात बहुतेक जण अडतात, कारण पाचशे शब्दांचा निबंध लिहायची सवय असते आणि चारशेतले तीनशे वीस कोणते काढायचे हे कोणी शिकवलेले नसते. ऱ्हस्व-दीर्घाबद्दल न बोललेले बरे. माझ्या मुलीलाही ही परीक्षा दिली होती. ती पहिल्या वेळी नापास झाली आणि दुसऱ्या वेळी उत्तीर्ण, मधल्या काळात तिने वर सांगितलेल्या भित्तिपत्रकाच्या सहा बातम्या लिहिल्या होत्या. आचऱ्याचा तरुण मात्र पदवीआधीच उत्तीर्ण होता.

जिल्ह्यात परत येऊन काम करू पाहणाऱ्याने इथला बाजार ओळखून घ्यावा. दर वर्षी ६ जानेवारीला, ‘दर्पण’ सुरू झाल्याच्या दिवशी, पत्रकार दिन होतो आणि बाळशास्त्री जांभेकरांचे पोंभुर्ले आमच्याच जिल्ह्यात असल्याने निमंत्रणपत्रिका छापण्याचे काम बऱ्याचदा माझ्याकडे येते. सत्कारमूर्तींच्या नावांपुढे वार्ताहर असे छापायचे असते. पण त्यांच्यातील बहुतेकांचे घर दुकानावर, विमा एजन्सीवर किंवा बागेवर चालते हे मला माहीत आहे. तालुका वार्ताहराला मिळणाऱ्या मानधनापेक्षा वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी आणलेल्या जाहिरातींवरचे कमिशन मोठे असते. ही व्यवस्था बरी की वाईट हा वेगळा विषय आहे; परंतु पत्रकारितेची पदवी घेऊन गावात राहणाऱ्याला जाहिरात मागता आली पाहिजे, हे कोणत्याही अभ्यासक्रमात पत्रकारितेच्या शाखेला शिकवत नाहीत, आणि जाहिरात शाखेला शिकवतात ते दुसऱ्याच जगातल्या जाहिरातींबद्दल. हापूसची पेटी थेट ग्राहकाला विकणारे बागायतदार, होमस्टेवाले, काजू प्रक्रिया करणारे लघुउद्योजक यांना लिहून, चित्रित करून, छापून देणारा माणूस हवा आहे. ते काम वर्षभर पुरेल इतके आहे, मात्र त्याला पदनाम नाही आणि महिन्याच्या एक तारखेला येणारा पगार नाही.

पदनाम आणि पगार दोन्ही हवे असतील तर राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या जागांकडे पाहावे. जिल्हा माहिती अधिकाऱ्याच्या दर्जाच्या पदांसाठी पत्रकारितेतील पदवी किंवा पदविका खरोखर उपयोगी पडते. जागा थोड्या निघतात आणि कधी निघतील ते सांगता येत नाही, पण घरात चौदा महिने बसण्याची ऐपत नसलेल्या मुलाने तो अभ्यास बाजूला चालू ठेवायला हरकत नाही.

माझ्या मते आमच्या तिघांनीही न घेतलेला चौथा मार्ग सर्वांत चांगला होता. अनुदानित महाविद्यालयात मराठी, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र यांपैकी एखादा विषय घेऊन अल्प शुल्कात पदवी करावी, त्या तीन वर्षांत स्थानिक वृत्तपत्रात किंवा आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्रावर मिळेल ते काम करावे, आणि मग माध्यमांचे शिक्षण पदव्युत्तर पातळीवर सार्वजनिक संस्थेत घ्यावे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे पुणे विद्यापीठाच्या संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभागात, १९६४ पासून हे शिक्षण चालू आहे. मुंबई विद्यापीठाचा विभाग आहे. भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेची एक वर्षाची पदव्युत्तर पदविका आहे. या ठिकाणी प्रवेश परीक्षेने किंवा गुणांवर मिळतो, शुल्क खासगी विद्यापीठाच्या जवळपासही जात नाही, आणि पुतण्याने साडेबावीस लाखांना घेतलेली ओळखीची साखळी इथे माजी विद्यार्थ्यांच्या रूपाने आयती असते, कारण मराठी वृत्तपत्रांच्या डेस्कांवर या संस्थांतून गेलेली माणसे बसलेली आहेत. शिवाय अर्थशास्त्र शिकलेल्या वार्ताहराला अर्थसंकल्पाची बातमी करता येते. या मार्गाची अडचण एकच: एकवीस वर्षांच्या मुलाला आणखी एक-दोन वर्षे शहरात ठेवायचे, आणि त्या शहरातले भाडे भरायचे.

धाकट्या भावाच्या मुलीचा बारावीचा निकाल यंदा लागला. तिलाही माध्यमांतच जायचे आहे. तिने कणकवलीत बी.ए.चा अर्ज मराठी आणि अर्थशास्त्र विषय घेऊन भरला आहे, आणि दुपारी तीननंतर छापखान्यात येऊन बसते. पहिल्या आठवड्यात मी तिला चारशे शब्दांची प्रेसनोट दिली. तिने ती एकशे दहावर आणून ठेवली आहे. अजून तीस शब्द काढायचे आहेत, आणि कोणते ते मी सांगणार नाही.